३२ जीबी रॅमचं बिल लावलं, आत निघाली १६

डेस्कटॉपची रॅम वाढवून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' (रॅमच्या किती खाचा भरल्यात ते) बघा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. मला रिपेअरवाल्याने ३२ जीबीचं बिल लावलं, आत १६ जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी) टाकली आणि वर स्क्रीनवर 'हे बघा बत्तीस' असं दाखवून पण दिलं. ते कसं जमवलं ते नीट सांगतो, कारण ही ट्रिक कोणावरही चालेल.

पीसी डीडीआर४ वाला (हा रॅमचा एक प्रकार), ८ जीबी रॅम, विंडोज साध्या हार्ड डिस्कवर. काम म्हणजे ब्राउझर, एक्सेल, हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि अधूनमधून फोटो. काहीही क्लिक केलं की कर्सर नुसता गोल गोल फिरत बसायचा. रिपेअरवाल्याने टास्क मॅनेजर उघडला, मेमरी ७८ टक्के दिसली, तेवढ्यावर म्हणे, "साहेब मेमरी फुल झालीये, आता ३२ शिवाय काही चालत नाही." बाजूलाच डिस्क १०० टक्क्यांवर होती, तिच्याकडे पठ्ठ्याने ढुंकूनही बघितलं नाही.

आता ७८ टक्के म्हणजे रॅम संपली असं नसतं. जागा असली की ब्राउझर वगैरे ऐसपैस पसरतात, आणि 'कॅश्ड' मध्ये जी दिसते ती तर दुसऱ्या कशाला लागली की विंडोज मोकळी करून देते. बघायचा आकडा म्हणजे 'अव्हेलेबल', आणि तो पण तुमचं सगळ्यात जड काम चालू असताना, नुसता रिकामा डेस्कटॉप समोर ठेवून नाही. तो काही शे एमबीवर येतोय आणि त्याच वेळी डिस्क अखंड खडखडतेय तर रॅम खरंच कमी आहे. पण दीड-दोन जीबी शिल्लक असून डिस्क १०० वर अडकलीये तर आधी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी फास्ट डिस्क) टाका, रॅमचं नंतर बघू. विंडोज ११ ची कागदावरची किमान अट ४ जीबी आहे, त्यात ते सुरू होतं एवढंच म्हणायचं. ८ मध्ये साधं काम निघतं, १६ मध्ये ढीगभर टॅब, मोठ्या एक्सेल शीट आणि फोटो एडिटिंग आरामात होतं. ३२ कोणाला, तर ४के व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना, व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत दुसरा पीसी) चालवणाऱ्यांना, किंवा मोठे थ्रीडी प्रोजेक्ट असतील त्यांना. माझ्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला ३२ जीबी कशाला लागतील हे त्या माणसालाच ठाऊक.

तर ती ट्रिक. रॅम कमी पडली तर उपयोगी यावी म्हणून विंडोज डिस्कवर पेज फाइल ठेवते, आणि मेमरीच्या पानावर 'कमिटेड' पुढे जे दोन आकडे असतात त्यातला दुसरा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल. रिपेअरवाल्याने सेटिंगमध्ये जाऊन पेज फाइल हाताने १६ जीबी करून ठेवली, मग कमिटेडसमोर आलं ५.९/३१.८ जीबी, त्यावर बोट ठेवलं आणि "बत्तीसातलं उरलेलं पॉइंट दोन ग्राफिक्सला जातं" असं पण सांगून मोकळा. त्यातली मेख अशी की ऑनबोर्ड ग्राफिक्स थोडी रॅम खरंच राखून ठेवतं, म्हणून ऐकायला पटतं. खरा आकडा वर उजव्या कोपऱ्यात १६.० जीबी असा लिहिलेला होता, आणि खाली स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर उत्तर काय, "ड्युअल चॅनलमध्ये एकच स्लॉट दाखवतो." साफ थाप! ड्युअल चॅनल म्हणजे वेगासाठी दोन स्टिक जोडीने चालवणं, त्याला अशा बोर्डावर दोन स्लॉटमध्ये दोन स्टिक लागतात, आणि त्या असल्या तर २ ऑफ २ च दिसतं. कॅबिनेटच्या स्क्रूवर त्याने स्टिकर मारून ठेवलेला, उघडलं तर वॉरंटी गेली म्हणे. पण उघडायची गरजच नाही, सीपीयू-झेड नावाचं पीसीच्या पार्टची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर फ्री मिळतं, त्यात एसपीडी टॅबवर एकेक स्लॉट निवडून कंपनी, पार्ट नंबर आणि बहुतेक स्टिकवर बनल्याचा आठवडा-वर्ष पण दिसतं. एक स्लॉट रिकामा होता आणि दुसऱ्यातली 'नवीकोरी' स्टिक २०१९ ची निघाली. म्हणजे कुठल्यातरी जुन्या मशीनमधून काढलेली, हे माझं मत, तो शेवटपर्यंत नाहीच म्हणत होता.

अजून एक, माझी जुनी ८ जीबीची स्टिक "नवीबरोबर मॅच होत नाही" म्हणून काढून घेऊन गेला. दोन्ही डीडीआर४ असतील तर बहुतेक वेळा दोन्ही चालतात, फक्त स्पीड जी हळू असेल तिचा धरला जातो. नाही चालली तरी स्टिक तुमची आहे, काढली की हातात मागून घ्या. आणि बिलावर नुसतं '३२ जीबी रॅम' नको, किती स्टिक, कितीच्या, पार्ट नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्या. माझ्या बिलावर यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे भांडताना जोर फक्त स्क्रीनशॉटचा.

स्क्रीनशॉट पाठवल्यावर मात्र लगेच दुसरी स्टिक घेऊन हजर, "घाईत राहून गेली". मी ती घेतली नाही, तिचे पैसे परत मागितले आणि बरीच खळखळ करून ते मिळाले. जुनी ८ जीबी काही मिळाली नाही, ती म्हणे स्क्रॅपमध्ये गेली. आलेल्या पैशातून दुसऱ्याकडून एसएसडी टाकून घेतली, पेज फाइल परत ऑटोमॅटिकवर केली, आणि सगळं उघडून बसलो तरी १६ पैकी ५-६ जीबी मोकळीच असते.