मॉड्युलेशन राउटिंग कुठे शिकावे: व्हायटल, सर्ज एक्सटी की व्हीसीव्ही रॅक?

सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर स्वतःचा नाद घडवायचा असेल, तर कोणत्या सोर्सने (हलवणाऱ्या घटकाने) कोणते डेस्टिनेशन (हलणारी गोष्ट) किती हलवायचे, हे ठरवणारे मॉड्युलेशन राउटिंग शिकण्यावाचून गत्यंतर नाही. व्हायटल, सर्ज एक्सटी आणि व्हीसीव्ही रॅक हे तिन्ही फुकट मिळतात, मात्र शिकवण्याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे. तुलना नेमकी व्हावी म्हणून तिघांनाही एकच काम देऊ: लांबवलेल्या स्वरावर मंद कंप असावा आणि तो मॉड व्हील (कीबोर्डवरचे नियंत्रणाचे चाक) वर सरकवल्यावरच यावा. म्हणजे एलएफओने (सावकाश, पुन्हापुन्हा वरखाली होणाऱ्या लहरीने) स्वराची उंची हलवायची आणि त्या हलण्याची मात्रा व्हीलने ठरवायची.

मॅट टायटेल यांनी २०२० मध्ये आणलेल्या व्हायटलमध्ये हे सर्वांत लवकर जमते. एलएफओ उचलून ऑसिलेटरच्या (मूळ नाद निर्माण करणाऱ्या भागाच्या) ट्यून नॉबवर सोडला, की नॉबभोवती मात्रेची कड उमटते आणि स्वर वाजत असताना हालचाल तिथेच डोळ्यांना दिसते. या जोडणीची मात्रा शून्यावर ठेवून तिच्यावर मॉड व्हील आणून सोडले, की काम झाले. एक गोष्ट मात्र नवख्याला चकवते. इथला एलएफओ मुळात युनिपोलर, म्हणजे शून्यापासून एकाच दिशेला जाणारा, असल्यामुळे सूर जागेवरून फक्त वर चढतो आणि वाद्य किंचित चढे लागल्यासारखे वाटते. मॅट्रिक्समध्ये (सर्व जोडण्यांच्या यादीत) त्या जोडणीचे बायपोलर बटण दाबल्यावर कंप मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरतो. फुकट आवृत्तीत प्रीसेट (तयार नाद) आणि वेव्हटेबल (ऑसिलेटरसाठीचे लहरींचे संच) कमी आहेत, पण राउटिंगमध्ये काहीही कापलेले नाही.

व्हीसीव्ही रॅक हा अँड्र्यू बेल्ट यांचा २०१७ पासूनचा प्रकल्प असून त्यात तयार सिंथेसायझर नसतोच. एकेक काम करणारी मॉड्यूल पडद्यावर मांडून केबलांनी जोडावी लागतात. आपल्या कामासाठी एलएफओची केबल व्हीसीएमध्ये (संकेताची मात्रा कमीजास्त करणाऱ्या मॉड्यूलमध्ये), कीबोर्डचे संदेश आत आणणाऱ्या मिडी मॉड्यूलमधून मॉड व्हीलची केबल त्याच व्हीसीएच्या नियंत्रणात आणि व्हीसीएमधून निघालेली केबल ऑसिलेटरच्या एफएम इनपुटमध्ये (स्वराची उंची हलवणाऱ्या इनपुटमध्ये) लावायची. एलएफओची मात्रा व्हीलने ठरते म्हणजे नेमके काय घडते, हे इथे जितके उघडे दिसते तितके इतर कुठेही दिसत नाही. इथे आकड्यांशीही थेट गाठ पडते. रॅकमध्ये एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, आणि बायपोलर एलएफओ उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट देतो. त्यामुळे एफएमचा नॉब पूर्ण उघडला तर सूर पाच सप्तके वर आणि पाच सप्तके खाली जातो. एका सेमिटोनला (सप्तकाच्या बाराव्या भागाला) व्होल्टचा बारावा भाग पुरतो, म्हणजे तो नॉब दोन टक्क्यांहूनही कमी उघडायचा असतो. मात्रा हाच राउटिंगचा प्राण आहे, हे या एका नॉबवरून जसे कळते तसे वाचून कळत नाही. अडचण एवढीच, की फुकट आवृत्ती स्वतंत्र चालते आणि डीएडब्ल्यूमध्ये (गाणे रेकॉर्ड करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्लगइन म्हणून उघडत नाही. त्यासाठी प्रो आवृत्ती विकत घ्यावी लागते.

सर्ज हा मूळचा क्लेस योहान्सन यांच्या व्हेंबर ऑडिओचा सिंथेसायझर असून त्याचा सोर्स कोड २०१८ मध्ये खुला झाला. आजचा सर्ज एक्सटी स्वयंसेवक सांभाळतात. त्याचा चेहरा रुक्ष आहे आणि पहिल्या दिवशी तो व्हायटलइतका आपलासा वाटणार नाही. एलएफओवर क्लिक करून तो निवडायचा, पुन्हा क्लिक करून राउटिंगसाठी सज्ज करायचा आणि मग पिचचा स्लायडर ओढायचा, अशी त्याची पद्धत आहे. ओढताना मात्रा थेट सेमिटोनमध्ये दिसते, आणि मला हा त्याचा फार मोठा गुण वाटतो. व्हीलसाठी एलएफओचे अँप्लिट्यूड (हलण्याचा पसारा) शून्यावर आणून त्यालाच व्हीलचे डेस्टिनेशन करायचे.

सर्जचे खरे वेगळेपण पुढे आहे. त्यात सहा व्हॉइस एलएफओ आणि सहा सीन एलएफओ असतात. व्हॉइस एलएफओ प्रत्येक स्वराला स्वतंत्र मिळतो, तर सीन एलएफओ सर्व स्वरांना सामाईक असतो. कॉर्डचे तीन स्वर मागेपुढे दाबले, तर पहिल्या प्रकारात तिघांचा कंप आपापल्या वेळेला सुरू होतो आणि दुसऱ्यात तिघे एकत्र डोलतात. रिव्हर्बसारख्या (घुमाऱ्यासारख्या) इफेक्टवर व्हॉइस एलएफओ लावताच येत नाही, कारण इफेक्ट सर्वांसाठी एकच असतो. व्हायटलमध्ये हा भेद डेस्टिनेशन पाहून आपोआप हाताळला जातो. ते सोयीचे आहे, पण शिकणाऱ्याला तो भेद असतो याचा पत्ताही लागत नाही.

शास्त्रीय संगीताचा कान असलेल्याने आणखी एक पारख करावी. दरबारीतल्या कोमल गंधाराचे आंदोलन एकट्या एलएफओने यंत्रासारखे लागते, कारण वेग आणि पसारा बदलत नाहीत. एलएफओचा वेगसुद्धा दुसऱ्या सोर्सने हलवावा लागतो. हे तिन्हींमध्ये जमते आणि जोडणी सर्वांत स्पष्ट रॅकमध्ये दिसते, पण रोजच्या रियाजाला तिथली मांडामांड जड जाते.

एका आठवड्यात गाण्यात वापरता येईल असा नाद हवा असलेल्याने व्हायटल घ्यावा. इलेक्ट्रॉनिक्सची ओढ असलेल्याने, किंवा पुढे खरा मॉड्युलर सिंथेसायझर घेण्याचा विचार असलेल्याने, थेट रॅकपासून सुरुवात करावी. मात्र पुढे कोणताही सिंथेसायझर समोर आला तरी अडू नये अशी इच्छा असेल, तर माझे मत सर्ज एक्सटीच्या बाजूने आहे. त्याचा रुक्षपणा पहिले दोन आठवडे सोसावा लागेल, एवढे धरून चालावे.