बिल्डरने बसवून दिलेली सिक्युरिटी सिस्टिम: आठ महिन्यांचा अनुभव, आणि तो गॅस डिटेक्टर

मार्चमधली सकाळ. सासूबाईंनी दूध तापत ठेवलं आणि त्या बाल्कनीत फुलं काढायला गेल्या. दूध उतू गेलं, बर्नर विझला, बटण चालूच राहिलं. मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा वास हॉलपर्यंत आला होता. पाइपचा मेन कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या किंवा पंख्याच्या एकाही बटणाला हात लावला नाही, आणि सासूबाईंना जिन्यात नेऊन बसवलं. वीसेक मिनिटांनी आत परतले आणि ओट्याखाली वाकून बघितलं. ट्रॉलीच्या बाजूला, फरशीपासून वीतभर उंचीवर, गॅस लीक डिटेक्टर बसवलेला. हिरवा दिवा चालू. एवढ्या वेळात त्याने एकदाही आवाज केला नव्हता.

म्हणून हे लिहितेय. बाकी यंत्रणेबद्दलही सांगते, पण माझ्या डोक्यात बसलाय तो हा डिटेक्टर.

आमचा फ्लॅट पुनावळ्यात, दोन बेडरूमचा, पाचव्या मजल्यावर. दहा वर्षं चिंचवडला भाड्याने राहिल्यावर घेतलेला. ब्रोशरमध्ये छापतात ते सगळं दिलं होतं: डिजिटल लॉक, व्हिडिओ डोअर फोन, हॉलमध्ये मोशन सेन्सर, दोन दारांना मॅग्नेट (दार उघडलं की कळवणारे), बेडरूममध्ये पॅनिक बटण आणि स्वयंपाकघरात गॅस डिटेक्टर. पझेशनच्या दिवशी किल्ल्यांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन मॅन्युअल आणि लॉक उघडायचे तीन टॅग मिळाले. डेमो द्यायला आलेला मुलगा जेमतेम दहा मिनिटं थांबला. त्याने बेल वाजवून दाखवली, लॉक उघडून दाखवलं आणि ‘सर्व उपकरणे चालू स्थितीत मिळाली’ या कागदावर माझी सही घेतली. ती सही मी करायला नको होती.

पहिला धक्का लॉकचा. आम्ही चौघांनी बोटांचे ठसे दिले होते. नोव्हेंबरमध्ये राहायला आल्यावर एका रविवारी मॅन्युअल घेऊन बसले आणि लॉकमध्ये किती ठसे साठवलेत ते मोजलं. अकरा निघाले. चार आमचे, सात कुणाचे ते कुणालाच माहीत नाही. बहुधा सुतार, रंगारी, साइटवरची माणसं, कामाच्या सोयीसाठी घेतलेले. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यांनी इमानेइतबारे कामच केलं असेल. पण माझ्या घराचं दार सात अनोळखी बोटांनी उघडत होतं आणि त्या घरात मी माझ्या सासूला दिवसभर एकटी ठेवून कामावर जात होते. मास्टर पिनही मॅन्युअलमध्ये छापलेला तोच होता. आणि अ‍ॅपमध्ये लॉक जोडायला गेले तर ‘हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे’ असं आलं. ते खातं ही यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराच्या मोबाइल नंबरवर होतं. आमच्या मजल्यावरच्या चारही घरांचं तेच.

फोनवर त्याचं उत्तर: “मॅडम, सर्व्हिसला सोपं पडतं म्हणून आमच्याकडे ठेवतो.”

मी त्याच दिवशी सगळं पुसलं. आतल्या बाजूचं बॅटरीचं झाकण काढलं की छोटं रीसेट बटण असतं, ते लांब बीप येईपर्यंत दाबून धरायचं. अ‍ॅपमधून मात्र लॉक ठेकेदारालाच त्याच्या खात्यातून काढावं लागलं, त्यासाठी चार फोन झाले. मग नवा मास्टर पिन, नवे ठसे. ज्यांनी नवं घर घेतलंय त्यांनी वास्तुशांतीच्या आधी हे एक काम करावं. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणूनच. डोअर फोनचं अ‍ॅप आणि वायफाय राउटर, दोन्हींचे पासवर्ड मी त्याच दिवशी बदलले.

लॉकबद्दलचं माझं मत पुढे पूर्ण बदललं, तेही सांगायला हवं. सासूबाईंचा ठसा त्यावर लागतच नव्हता. आयुष्यभर भांडी घासून, धान्य निवडून बोटांच्या रेषा झिजल्यात, रेशनच्या दुकानातल्या मशीनवरही त्यांना तीन-तीन वेळा बोट ठेवावं लागतं. रोज दारात उभं राहून बोट पुसत बसायच्या आणि ओशाळायच्या. शेवटी पिशवीतला एक टॅग त्यांच्या कमरेच्या चंचीला बांधून दिला. आता देवळातून आल्या की चंची नुसती लॉकसमोर धरतात आणि दार उघडतं. “किल्ली हरवायची भीतीच गेली गं,” असं त्या शेजारणींना सांगतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मला ते लॉक आवडायला लागलं. बॅटऱ्यांचं म्हणाल तर साइटवरच्या चार पेन्सिल सेल जानेवारीत संपले, नंतर घातलेले अल्कलाइन सेल अजून चाललेत. लॉकच्या खालच्या कडेला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायच्या दोन टिकल्या आहेत, सेल अचानक संपले तर बाहेरून तेवढ्यापुरतं लॉक जागं होतं. एक बॅटरी शेजारच्या काकूंकडे ठेवली आहे.

मोशन सेन्सरबद्दल थोडक्यात. पहिल्या आठवड्यात रात्री दोनला सासूबाई पाण्यासाठी उठल्या आणि सायरन वाजला. रात्री ‘अवे’ (घर रिकामं असतानाचा) नाही, ‘स्टे’ (घरात माणसं असतानाचा) मोड लावायचा, त्यात दारांची मॅग्नेटं जागी राहतात आणि हॉलमधला सेन्सर झोपतो. हे डेमोत कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये घर बंद असताना दोनदा सायरन झाला, दोन्ही वेळा कारण एकच, सेन्सरच्या काचेवर बसलेली पाल. सेन्सर ट्यूबलाइटपासून लांब हलवल्यावर किडे कमी झाले, पालही गेली.

पॅनिक बटण मी सोसायटीच्या गेटवर आधी सांगून दाबून बघितलं. केबिनमधल्या पॅनलवर आमच्या 502 ऐवजी 503 लागला. वॉचमन काका धावत वर आले ते शेजारच्या दाराशी. तारा उलटसुलट जोडल्या होत्या. आमचा दुरुस्त झाला. 503 मध्ये अजून कुणी राहायला आलेलं नाही, त्यामुळे त्यांचं बटण दाबलं तर आता कुणाचा नंबर लागतो ते कुणी तपासलेलं नाही.

आता डिटेक्टर.

त्या सकाळनंतर माझी पहिली समजूत अशी की यंत्र बंद पडलंय. बिल्डरच्या ऑफिसला फोन केला, तिसऱ्या दिवशी मुलगा आला. त्याने सिगारेटचा लायटर न पेटवता डिटेक्टरसमोर दाबून धरला आणि काही सेकंदांत यंत्र ठणाणा वाजायला लागलं. “बघा मॅडम, ओके आहे,” म्हणाला आणि रजिस्टरवर सही मागितली. या वेळी मी सही केली नाही. ओके असेल तर त्या दिवशी का वाजलं नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

उत्तर मॅन्युअलच्या शेवटच्या पानावरच्या छोट्या चित्रात होतं. सिलिंडरचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला की फरशीवर साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर खाली, फरशीपासून फूटभराच्या आत. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा. तो वर चढतो आणि छताखाली साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर छतापासून फूटभराच्या आत. आमच्या बिल्डिंगला पाइपचा गॅस आणि आमचा डिटेक्टर फरशीजवळ. यंत्रावर बारीक अक्षरात ‘एलपीजी’ लिहिलेलंही होतं. लायटरमध्ये असतो तो ब्युटेन, त्यामुळे त्या मुलाच्या परीक्षेत यंत्र पास होणारच होतं. आमच्या घरात जो गॅस येतो त्यासाठी ते चुकीचं यंत्र चुकीच्या जागी होतं. हवेत साधारण 5 टक्के मिथेन झालं की ठिणगी पुरते. तोवर वर साचत गेलेल्या गॅसची खाली बसलेल्या यंत्राला खबर लागली नसती. आम्हाला वाचवलं ते गॅसमध्ये मिसळलेल्या वासाने आणि माझ्या नाकाने. सासूबाईंना सर्दी असती आणि मी ऑफिसला गेलेली असते तर काय झालं असतं, हा विचार अजून रात्री येतो.

मी तेव्हा फार चिडले होते. बिल्डरने पैसे वाचवायला स्वस्तातलं घाऊक यंत्र लावलं, असं सोसायटीच्या ग्रुपवर लिहूनही टाकलं. ते आता मागे घेते. जुन्या साइट इंजिनिअरशी बोलल्यावर कळलं की इलेक्ट्रिकचे नकाशे काढले तेव्हा या रस्त्याला पाइपलाइन आलेली नव्हती, सगळे पॉइंट सिलिंडर धरून खाली दिले होते. लाइन नंतर आली, प्लंबरने पाइप टाकले, पण डिटेक्टरचा पॉइंट वर घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. फसवायचा हेतू नव्हता. पण पाइपवाला, इलेक्ट्रिशियन आणि सिक्युरिटीचा ठेकेदार या तिघांपैकी एकाने तरी दुसऱ्याचं काम बघायला हवं होतं, हे मात्र मागे घेणार नाही. यंत्राच्या पाठीवर उत्पादनाचं वर्ष 2021 निघालं. मॅन्युअल सांगतं की सेन्सर पाच वर्षांनी बदला. म्हणजे आम्ही राहायला आलो तेव्हाच त्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य संपलं होतं.

ऑफिसचं पहिलं उत्तर: उपकरणांची वॉरंटी एक वर्ष, उपकरण चालू आहे, जागा बदलायची तर पॉइंटचे 1,800 रुपये आणि नवं यंत्र तुमच्या खर्चाने. इथे माझा स्वभाव आडवा आला. घराच्या हप्त्यातून महिन्याला जे उरतं ते मला पैशापैशाने माहीत असतं, आणि त्यांची चूक मी माझ्या 1,800 रुपयांनी दुरुस्त करणार नव्हते. 2016 च्या रेरा कायद्याचं, म्हणजे बिल्डर आणि घर घेणाऱ्यांच्या कायद्याचं, कलम 14(3) वाचलं. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा दिलेल्या सेवांमधला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. यंत्र बिघडल्याची माझी तक्रारच नव्हती. तक्रार होती ते चुकीच्या ठिकाणी बसवल्याची, म्हणजे कामाच्या दर्जाची. तेवढंच चार ओळींत, मॅन्युअलच्या चित्राचा आणि आमच्या भिंतीचा फोटो जोडून, 21 मार्चला ईमेल केला. फोनवर बोलणं बंद केलं, कारण फोनवरचं कुणीच लक्षात ठेवत नाही.

17 एप्रिलला, सत्ताविसाव्या दिवशी, माणसं आली. पाइपच्या गॅसचं नवं यंत्र, केसिंग पट्टीतून वर नेलेली वायर, एक पैसा नाही.

आणि ते नेमकं शेगडीच्या डोक्यावर बसवून गेले. दोन दिवस प्रत्येक फोडणीला अलार्म. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “याचं बटण बंद कर, मला भाजी करू दे.” यंत्र असंच मरतं, घरची माणसं कंटाळून त्याचा प्लग काढतात. पुन्हा ईमेल, पुन्हा माणूस. आता ते शेगडीपासून दोन मीटर लांब, त्याच भिंतीवर, छताखाली वीतभर आहे. त्यानंतर फोडणीला एकदाही वाजलं नाही. परीक्षा घेताना लायटर वापरायचा नाही, टेस्ट गॅसचा डबा आणा, असं मी आधीच कळवलं होतं. आणला. वाजलं.

लाइट गेली की काय होतं तेही बघा. आमच्याकडे डिटेक्टर आणि डोअर फोन दोन्ही साध्या लाइनवर होते, इन्व्हर्टरवर नव्हते. म्हणजे लाइट गेली की दोन्ही मेलेले. आमच्या इलेक्ट्रिशियनने 700 रुपयांत दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. हे पैसे मी माझ्या खिशातून दिले, कारण ब्रोशरमध्ये बॅकअपचा शब्द कुठेच नव्हता. डोअर फोनच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नाही, लाइट गेली की तारीख 1 जानेवारीवर जायची आणि बेल वाजवणाऱ्यांचे साठवलेले फोटो चुकीच्या तारखेने पडायचे. इन्व्हर्टरवर घेतल्यापासून ते थांबलं.

आमच्या ईमेलनंतर सोसायटीने सगळ्या 88 घरांची यादी करून बिल्डरला दिली. आजवर 61 घरांचे डिटेक्टर वर गेलेत. उरलेल्यांपैकी काहींनी मॉड्युलर किचनची फळी काढावी लागेल म्हणून नको म्हटलं. त्यांच्यापैकी दोघींच्या घरी मी स्वतः जाऊन आले, त्या सकाळचं सगळं सांगितलं. एक तयार झाली.

ठेकेदाराने वर्षाला 4,500 रुपयांचा देखभाल करार पुढे केलाय. अजून सही केलेली नाही. ऑक्टोबरमध्ये उपकरणांची वॉरंटी संपते, त्याआधी करारात डिटेक्टरची दर सहा महिन्यांची टेस्ट लिहून देतात का ते विचारलंय, आणि 503 ची वायर तपासायचंही त्याच ईमेलमध्ये घातलंय. उत्तर आलेलं नाही, आज अकरावा दिवस आहे.