ट्रक भरायला हात लाव : ‘एंजल’चा शेवटचा सीझन

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे साताऱ्याला तिच्याजवळ राहिले. दिवसा लॅपटॉपवर ऑफिसचं काम, संध्याकाळी आईचे व्यायाम, आणि रात्री जेवणं आटोपली की ‘एंजल’ या जुन्या अमेरिकन मालिकेचे एक-दोन भाग. पाचवा सीझन, एकूण २२ भाग. आई पोस्टातून रिटायर झालेली, ३१ वर्षं सॉर्टिंगला काढलेली. इंग्रजी पत्ते ती माझ्यापेक्षा भरभर वाचते, पण अमेरिकन बोलणं तिच्या कानाला लागत नाही. म्हणून थांबवत, समजावत बघितला. माझी ही चौथी खेप, पण इतका नीट मी तो आधी कधी पाहिलाच नव्हता.

पहिल्यांदा पाहिला २००६ मध्ये. न्यू जर्सीच्या मामेभावाने सहा डिस्कचा डबा आणून दिला होता. आमच्या डीव्हीडी प्लेअरने त्या डिस्क घेतल्याच नाहीत. अमेरिकेच्या डिस्क पहिल्या रीजनच्या, आपल्याकडचे प्लेअर पाचव्या रीजनचे. मग काम संपल्यावर संस्थेच्या कॉम्प्युटरवर पाहिल्या. तेव्हा मी नागपूरला, स्टेशनवर राहणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत होते. आम्ही चौघं, एक खोली, आणि महिनाअखेर पगार होईल की नाही याची धाकधूक. आता दहा वर्षं झाली, पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाच्या, विभागात आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण हा सीझन नेमका याच वाटेने जातो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या मालिकेतून फुटलेली ही फांदी. जॉस वीडन आणि डेव्हिड ग्रीनवॉल्ट यांनी काढलेली, अमेरिकेतल्या ‘द डब्ल्यूबी’ चॅनेलवर ऑक्टोबर १९९९ ते मे २००४ चाललेली, ११० भागांची. एंजल हा अठराव्या शतकातला आयरिश माणूस, १७५३ साली व्हॅम्पायर झालेला. दीडशे वर्षं माणसं मारल्यावर एका शापामुळे त्याचा आत्मा त्याला परत मिळतो, म्हणजे केलेलं सगळं आता आठवतं आणि टोचतं. लॉस एंजेलिसमध्ये तो डिटेक्टिव्ह एजन्सी उघडतो, ज्यांना कोणी वाली नाही त्यांच्यासाठी. समोर शत्रू म्हणून वुल्फ्रम अँड हार्ट ही बड्या वकिलांची फर्म, जिचे खरे मालक सैतान आहेत. चौथ्या सीझनच्या शेवटी ही फर्म एंजलला म्हणते, आमची इथली शाखा तूच चालव. आणि तो हो म्हणतो.

पाचवा सीझन इथून सुरू होतो. केसेसच्या मागे रात्री-बेरात्री पळणारी माणसं एकदम उंच इमारतीत, प्रत्येकाला खातं, प्रत्येकाला केबिन. एंजलच्या केबिनला भिंतभर काचा आहेत आणि बाहेर कडक ऊन. आईने पहिल्याच भागात विचारलं, “अगं, हा उन्हात जळतो ना? मग इथे कसा उभा राहतो?” काच खास बनवलेली आहे, तिच्यातून आलेलं ऊन व्हॅम्पायरला जाळत नाही. आई जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे बांधून घातला की त्याला.” वर्षानुवर्षं अंधारात काढलेल्या माणसाला रोजचं ऊन मिळतं आणि ते शत्रूच्या काचेतून मिळतं. आधीच्या तीन खेपांत मला हे असं सुचलं नव्हतं.

आता तक्रारी सांगून मोकळी होते. पहिले सहा-सात भाग सुटे सुटे आहेत. बजेट कमी झालं होतं आणि नव्या प्रेक्षकाला मधूनही बघता येतील अशा स्वतंत्र गोष्टी चॅनेलला हव्या होत्या, ते जाणवतं. लांडगा होणाऱ्या मुलीची गोष्ट, ऑफिसच्या पार्टीची गोष्ट, हे भाग नसते तरी काही बिघडलं नसतं. ईव्ह नावाची मालकांची मध्यस्थ शेवटपर्यंत पकड घेत नाही. आणि शेवटून तिसरा भाग, रोमचा. मूळ मालिकेची नायिका बफी दिसते ती फक्त पाठमोरी, नाचताना, तीही दुसरीच नटी. इतक्या उशिरा, गळ्याशी आलेलं असताना, हा फार्स मला आजही सहन होत नाही. मात्र त्याच भागात फ्रेडचे, म्हणजे एंजलच्या गटातल्या शास्त्रज्ञ मुलीचे, आईवडील ऑफिसात येतात तो धागा आहे, आणि तो बघताना माझा गळा दाटून येतो. त्याबद्दल पुढे.

आईचा सगळ्यात लाडका भाग मात्र या सुट्या भागांतलाच निघाला. सहावा. फर्मच्या टपालखोलीत एक म्हातारा माणूस गाडी ढकलत टेबलाटेबलावर पत्रं वाटतो, चेहऱ्यावर कुस्तीगिराचा मुखवटा. तो आणि त्याचे चार भाऊ कधीकाळी मेक्सिकन कुस्तीतले नायक होते, लोकांना वाचवणारे. भाऊ एका सैतानाशी लढताना गेले. हा एकटा उरला, नावही फक्त पाचवा नंबर. माझ्या लेखी हा भाग बरा होता, एवढंच. आईने तो दोनदा लावायला लावला. “टपाल वाटणाऱ्याकडे मान वर करून कोणी बघत नाही, हे यांना अमेरिकेत बसून बरोब्बर कळलं,” म्हणाली. तिचं बघून मी माझं मत बदललं. पन्नास वर्षांनी सैतान परत येतो आणि शूरांची हृदयं काढून नेतो, पण या म्हाताऱ्याला हातही लावत नाही, कारण त्याचा विश्वास आटलाय. खुद्द एंजलची भीती तिथे उघडी पडलेली आहे.

शंभरावा भाग ४ फेब्रुवारी २००४ ला दाखवला. एंजलची जुनी साथीदार कॉर्डिलिया, म्हणजे करिश्मा कारपेंटर, कोमातून उठून एका दिवसासाठी परत येते आणि एंजलला आठवण करून देते की तू कोण होतास. एंजलचा सुरुवातीचा साथीदार डॉयल, त्याची जुनी चित्रफीत त्यात लावली आहे. डॉयल झालेला ग्लेन क्विन २००२ मध्येच गेला होता. करिश्माने २०२१ मध्ये वीडनच्या वागणुकीबद्दल जाहीरपणे लिहिलं, तेव्हापासून हा भाग बघताना मला तिचाच जास्त अभिमान वाटतो. कौतुक करायचं ते तिचं. भाग दाखवल्यावर नऊच दिवसांनी, १३ फेब्रुवारीला, मालिका बंद होणार अशी बातमी आली. आणि त्यानंतरच्या आठवड्यात एंजल कापडी बाहुला होतो तो भाग लागला! त्या बाहुल्याच्या भुवया बघून आई टाके दुखेपर्यंत हसली.

आणि लगेच पंधरावा भाग.

चार्ल्स गन हा रस्त्यावर वाढलेला पोरगा, भाल्या-कुऱ्हाडीने व्हॅम्पायर मारणारा. फर्मने त्याच्या डोक्यात सगळा कायदा भरला. एका दिवसात तो वकील झाला, उत्तम वकील, सूट घालणारा, सगळे ज्याचं ऐकतात असा. मग ते ज्ञान विरायला लागलं. ते कायम करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरने बदल्यात मागितली फक्त एक सही. कस्टम्समध्ये अडकलेली एक जुनी वस्तू सोडवून आणायचा कागद. गनने सही केली. ती वस्तू म्हणजे दगडी पेटी, फ्रेडच्या प्रयोगशाळेत आली, आणि तिच्यात इलिरिया नावाची प्राचीन सत्ता होती जिला जन्मायला एक शरीर हवं होतं. फ्रेडने पेटीला हात लावला.

सीएसआरमध्ये मी दिवसाला तीस-चाळीस कागदांवर सह्या करते. २०१७ साली अशीच एक सही केली होती, एका आश्रमशाळेच्या पाण्याच्या टाकीच्या कामाची. ठेकेदार आमच्याच वरिष्ठांच्या ओळखीचा. काम पूर्ण, असं लिहून आलं होतं, मी जाऊन पाहिलं नाही. टाकी उन्हाळाभर कोरडी होती आणि मुली दीड किलोमीटरवरून पाणी आणत होत्या. कोणी मेलं नाही. पण फ्रेडवर प्रेम करणारा सहकारी वेस्ली, त्याच्यासमोर गन कबुली देतो, मला माहीत नव्हतं म्हणतो, तेव्हा मी रिमोट दाबून भाग थांबवला आणि आईला टाकीचं सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं.

फ्रेड मरते तो प्रसंग मी वर्णन करून सांगणार नाही, फक्त एवढंच की एमी ॲकर आणि ॲलेक्सिस डेनिसॉफ एका पलंगावर आहेत, तो तिला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवतोय, आणि तिचा शेवटचा प्रश्न लहान मुलाने विचारावा तसा आहे. तिकडे एंजल आणि त्याच्यासारखाच व्हॅम्पायर असलेला स्पाइक इंग्लंडमधल्या एका खोल विहिरीपाशी पोचलेत. तिथे इलाज आहे, पण तो केला तर वाटेतली हजारो माणसं मरतील. दोघांचंही तिच्यावर जिवापाड प्रेम. कोणी भाषण करत नाही. आई म्हणाली, “मेली का गं ती?” आणि पुढच्या क्षणी तेच शरीर उठतं, निळे डोळे, निळे केस. ॲकर तीच, पण मानेचा कोन वेगळा, पाऊल टाकायची रीत वेगळी, आवाज तळातून आलेला. त्यापुढे सात भाग ती इलिरिया आहे. रोमच्या भागात फ्रेडचे आईवडील भेटायला येतात तेव्हा इलिरिया फ्रेडचं रूप घेते, आईला मिठी मारते, आणि वेस्ली तिथे उभा राहून बघत असतो. दु:खाबद्दल टीव्हीवर मी यापेक्षा खरं काही पाहिलेलं नाही.

गनचं पुढे काय होतं, तेही इथेच सांगते. फर्मचा एक कैदी सोडवायला ते एका भलत्याच जगात जातात. छान बंगली, हिरवळ, बायको, मुलगा, आणि तळघर. रोज त्या तळघरात जायचं, तिथे हृदय काढलं जातं, वर येऊन परत तेच गोड आयुष्य. एका कैद्याच्या जागी दुसरा हवा. गन आपणहून राहतो. तो माफी मागत नाही, प्रायश्चित्ताचं नावही काढत नाही, साखळी गळ्यात घालून घेतो. जे. ऑगस्ट रिचर्ड्सचा चेहरा त्या क्षणी जवळजवळ शांत आहे.

शेवटचा भाग, १९ मे २००४. शेवट सांगितल्याशिवाय मला या सीझनबद्दल बोलता येत नाही, ज्यांना नको त्यांनी इथे थांबावं. एंजलला कळून चुकलेलं असतं की आतून फर्म सुधारत नाही. मालकांचे पृथ्वीवरचे हस्तक एका रात्रीत मारायचे, एवढंच हातात आहे. त्याने जग वाचणार नाही, आपण मात्र मरू. माणूस होण्याचं जे वचन त्याला भविष्यवाणीने दिलेलं असतं, तेही तो सही करून सोडून देतो. सीझनमधली दुसरी सही. मग सगळ्यांना सांगतो, आजचा दिवस शेवटचा समजून जगा.

स्पाइक एका बारमध्ये जाऊन कविता म्हणतो. लोर्न, हिरव्या कातडीचा गोड गाणारा लोर्न, शेवटी गोळी झाडतो आणि कायमचा निघून जातो. अँडी हॅलेट २००९ मध्ये गेला, त्यामुळे ते पाठमोरं जाणं आता फार लागतं. आणि तोवर त्या तळघरातून सुटून आलेला गन जातो ॲनकडे. ही ॲन म्हणजे १९९७ मध्ये ‘बफी’त व्हॅम्पायर व्हायला निघालेली भोळी पोरगी, नंतर रस्त्यावर आलेली, आता बेघर मुलांसाठी निवारा चालवणारी. ती ट्रकमध्ये सामान चढवत असते. गन विचारतो, समज तुला कळलं की याने काहीच फरक पडत नाही, वरची माणसं काही बदलूच देणार नाहीत, तर काय करशील? ती जेमतेम थांबते. नवं सामान यायच्या आत हा ट्रक भरीन, म्हणते. हात लावतोस का? आणि तो लावतो.

२००६ साली नागपूरच्या त्या खोलीत हे बघताना मला काही विशेष वाटलं नव्हतं, कारण आम्ही रोज तेच करत होतो. गोण्या, वह्या, चादरी, टेम्पोवाल्याची घाई. आता ते काम माझ्यापर्यंत फोटो होऊन येतं. ॲनचे खोके बघताना माझे तळहात हुळहुळले.

शेवट पावसात, हॉटेलमागच्या गल्लीत. वेस्ली गेलेला, गनच्या पोटातून रक्त वाहतंय, समोर सैन्य, वर ड्रॅगन. एंजल तलवार उचलतो, कामाला लागू म्हणतो, आणि पडदा काळा. या शेवटावर तेव्हा लोक चिडले होते, पुढचा सीझन मिळावा म्हणून चाहत्यांनी मोहीम चालवली, पुढे २००७ पासून कॉमिक्समध्ये गोष्ट चालू राहिली. माझ्या मते इथेच थांबणं योग्य होतं, एक क्षणही पुढे नको.

बघायचा असेल तर थेट पाचव्यापासून सुरू करू नका. निदान चौथ्याचा शेवटचा भाग तरी बघा, एंजलने आपल्या मुलासाठी काय गहाण टाकलं ते त्यात आहे. आणि पहिले सहा-सात भाग धीर धरा, पाचव्या नंबरासाठी तरी.

काळा पडदा आला तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, जिंकले का म्हणून विचारेल. तिने चष्मा पुसला, पाय उशीवर नीट ठेवला आणि म्हणाली, “ती ट्रकवाली बाई परत लाव गं. तिने शेवटचं खोकं कुठलं उचललं, ते मला दिसलं नाही.”