लिंक स्टेटस की बीकन प्रोबिंग: दोनच पोर्ट असतील तर काय लावाल?

अंधेरीच्या एका ऑफिसातून सकाळी साडेनऊला फोन आला: निम्मे सर्व्हर चालतात, निम्मे पिंगला उत्तर देत नाहीत. पोहोचलो तर होस्टच्या (ज्या मशीनवर हे व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे व्हीएम, चालतात) दोन्ही नेटवर्क पोर्टचे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि व्हीस्फिअरमध्ये (व्हीएमवेअरचं व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) एकही अलार्म नव्हता. घोळ एक पायरी वर होता. एका स्विचची मधल्या मुख्य (कोअर) स्विचकडे जाणारी केबल निसटली होती. होस्ट ते स्विच लिंक शाबूत, म्हणून फेलओव्हर (दुसऱ्या पोर्टवर आपोआप जाणं) झालाच नाही. व्हीएमवेअरच्या डिफॉल्ट लोड बॅलन्सिंगमध्ये प्रत्येक व्हीएम एका अपलिंकला, म्हणजे होस्टच्या एका पोर्टला, बांधलेला असतो. त्यामुळे त्या पोर्टवरचे तेवढे अडकले. पावसात इंडिकेटरवर गाडी लागलेली असते आणि कुर्ल्याला रूळ पाण्याखाली, तसला प्रकार.

बिघाड ओळखायच्या व्हीएमवेअरच्या दोन पद्धती. लिंक स्टेटस एवढंच पाहतं: केबल, कार्ड, समोरचा पोर्ट जिवंत आहे का. झटपट, बिनबोभाट, पण पलीकडचं आंधळं. बीकन प्रोबिंगमध्ये होस्ट आपल्या प्रत्येक पोर्टवरून छोटी ब्रॉडकास्ट पाकिटं सोडतो आणि ती बाकीच्या पोर्टवर पोहोचतात का ते बघतो. म्हणजे अंधेरीतला बिघाड त्याने पकडला असता.

तर मग बीकनच लावावं? इथेच बरेच जण फसतात. पोर्ट दोनच असतील तर पाकीट हरवल्यावर दोष कोणाचा, हे ठरवायला तिसरा साक्षीदारच नसतो. मग होस्ट दोन्ही पोर्टांवरून तेच ट्रॅफिक सोडतो आणि स्विचच्या लॉगमध्ये एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) कधी इकडे, कधी तिकडे दिसू लागतो. बीकनला किमान तीन पोर्ट हवेत. आयपी हॅश (आयपी पत्त्यांवरून पोर्ट निवडणं) किंवा इथरचॅनेल (अनेक पोर्ट एकत्र बांधणं) असेल तर बीकनचा विचारच सोडा.

भाड्याच्या रॅकमध्ये, युनिट मोजून पैसे भरणाऱ्या मुंबईकर ऑफिसांकडे बहुतेक दोनच पोर्ट असतात. त्यांना माझा सल्ला: लिंक स्टेटस ठेवा आणि स्विचवर लिंक स्टेट ट्रॅकिंग चालू करा. स्विचचा वरचा रस्ता तुटला की तो खालचे पोर्ट स्वतःच पाडतो आणि होस्टला बातमी कळते. स्विच स्वस्तातला असेल आणि ही सोय नसेल, तर तिसऱ्या पोर्टचा खर्च काढून बीकन.

प्रॉक्समॉक्सकडे (व्हीएमवेअरला पर्यायी सॉफ्टवेअर) वळलेल्यांसाठी हीच जोडी लिनक्स बॉन्डमध्ये (एकत्र बांधलेल्या पोर्टांत) एमआयआयमॉन (miimon) आणि एआरपी मॉनिटर म्हणून भेटते. एआरपी मॉनिटरला गेटवेसारखा (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) पत्ता दिला की तो पल्याडचंही तपासतो, दोन पोर्ट असले तरी. मात्र एलएसीपीच्या (स्विचशी बोलून पोर्ट एकत्र बांधणाऱ्या) बॉन्डला तो चालत नाही.

व्हीएमवेअरमध्ये फेलबॅक (पोर्ट दुरुस्त झाला की त्यावर परतणं) डिफॉल्टने ‘यस’ असतो. स्विच रीबूट झाला की लिंक आधी येते आणि स्पॅनिंग ट्री (स्विचची लूप टाळणारी यंत्रणा) पोर्ट उघडायला सुमारे ३० सेकंद घेते. तेवढा वेळ परत आलेले व्हीएम गप्प. स्विचपोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न पाहता पोर्ट लगेच उघडणारी सोय) लावा, नाहीतर फेलबॅक ‘नो’ ठेवा. फक्त ‘नो’ ठेवलं, तर दुरुस्त झालेला पोर्ट तसाच पडून राहतो आणि सगळा भार एकावरच, हे ध्यानात असू द्या. नोटिफाय स्विचेस (पोर्ट बदलल्याची खबर स्विचला देणारं सेटिंग) ‘यस’च, अपवाद मायक्रोसॉफ्ट एनएलबीच्या (नेटवर्क लोड बॅलन्सिंग) युनिकास्ट मोडचा.

चाचणी रविवारी ठेवणार असाल तर आधी मेगाब्लॉक बघा. आणि होस्टची केबल उपटू नका, ती परीक्षा लिंक स्टेटस डोळे मिटून पास होतं. स्विचची वरची केबल उपटा आणि शेजारच्या लॅपटॉपवर पिंग चालू ठेवा.