उंदरांसाठी कॅरियर : चार घेऊन बघितले, एकच ठेवला

आधीच सांगून टाकते, हे पाळलेल्या उंदरांबद्दल आहे. हॅमस्टर नाही, गिनीपिग नाही, उंदीर. लांब शेपटीचे. आमच्याकडे सध्या तिघी आहेत, खाजे, दोदोल आणि बिबिंका, आणि ज्यांना वाचूनच शिसारी येतेय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, मला सवय आहे. बाकी गणपतीत आमच्याकडे येणारे सगळे आधी मखराकडे बघतात आणि मग पिंजऱ्याकडे बघून "बरी सोय केलीस वाहनाची" म्हणतात, दरवर्षी, तोच जोक.

तर कॅरियर. आमचं घर गोव्यात, उसगावला, नदीच्या बाजूला. 23 जुलै 2021 ला म्हादई चढली ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको, 1982 नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं तेव्हा मुख्यमंत्री पण म्हणाले होते. सकाळी अंगणात पाणी, बघता बघता पायऱ्यांवर, आणि बाबा म्हणाले फोंड्याला मामाकडे चला, आत्ता. त्या वेळी माझ्याकडे दोघी होत्या (त्या आता नाहीत, उंदीर फार तर दोन-तीन वर्षं जगतात, हा या छंदातला सगळ्यात वाईट भाग). त्यांचा मोठा पिंजरा तीन फुटी, तो कोण उचलणार, म्हणून दुकानातून उंदरांसोबतच आणलेला तो छोटा डबा काढला आणि दोघींना त्यात टाकलं.

तो डबा म्हणजे आपला पहिला रिव्ह्यू. बहुतेक पेट शॉपमध्ये मिळतो, पारदर्शक प्लास्टिक, वर रंगीत झाकण, झाकणाला फटी आणि हॅंडल. साडेतीनशेला घेतला होता, दुकानदार म्हणाला "ट्रॅव्हलला एकदम बेस्ट". पेट शॉप ते घर एवढ्या ट्रॅव्हलला असेल बाबा. हॅंडल झाकणाला आहे आणि झाकण डब्याला नुसतं टिचकीवर बसतं, म्हणजे सगळं वजन त्या दोन टिचक्यांवर. शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये चढताना एका हातात कागदपत्रांची पिशवी, एका हातात डबा, पाऊस असा की समोरचं दिसत नाही, आणि झाकण हातात राहिलं, डबा खाली. एक जण डब्यातच चिकटून बसली, दुसरी थेट सीटखाली. पिकअपवाले काका पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, "बाये, घर बुडटा आनी तूं हुंदीर घेवन वता?" सात-आठ मिनिटं गेली ती सापडायला, काकांच्याच टॉवेलात शिरली होती, आणि आईने त्या सात-आठ मिनिटांबद्दल मला अजून माफ केलेलं नाही, बरोबरच आहे तिचं.

पुढचं अजून वाईट. झाकणाच्या फटींतून पावसाचं पाणी आत गेलं होतं, खालचा भुसा चिखल झाला, आणि डब्याच्या बाजूंना एक पण भोक नसल्यामुळे आत वाफ धरली, काच धुरकट होते ना तशी. उंदरांना आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून पण जमत नाही त्यांना, अंगातली उष्णता ते शेपटीतून बाहेर टाकतात, आणि तीस डिग्रीच्या वर ते हैराण होतात. दमट बंद डब्यात दोन उंदीर म्हणजे विचार करा. मामाकडे पोचलो तेव्हा एकीच्या नाकाडोळ्यांभोवती लाल लाल, मामीने "रक्त!" म्हणून किंचाळून ताट टाकलं. ते रक्त नसतं, पॉर्फिरिन म्हणतात, उंदरांच्या अश्रूंमध्येच असतो तो लाल रंग, ताण आला किंवा आजारी असले की जास्त दिसतो. माझी पुसल्यावर दुसऱ्या दिवशी साफ झाली. तसंच चालू राहिलं किंवा श्वास घेताना खरखर आवाज आला तर मात्र डॉक्टर, त्यांची छाती मुळातच नाजूक.

मुद्दा असा की आम्ही निघून पोचेपर्यंत फार वेळ लागला नाही, पण त्या डब्यात त्या दोन रात्री राहिल्या. मोठा पिंजरा घरी पाण्यात. हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नव्हतं. आपण कॅरियर घेताना बॅग म्हणून बघतो, डॉक्टरकडे नेण्याआणण्यापुरती, आणि घर सोडायची वेळ आली की तेच त्यांचं घर होतं, मागे जाता येईपर्यंत. त्यामुळे पुढचे सगळे मी एकाच हिशोबाने बघितले, यात तीन उंदीर दोन रात्री राहतील का.

दोन नंबर, कापडी बॅग. ऑनलाइन, नऊशेच्या आसपास, बाजूंना जाळी, खांद्याला पट्टा, दिसायला इतकी गोड की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. न्हाणीचं दार बंद करून तिघींना त्यात घातलं आणि मोबाइलवर टायमर लावला. पहिली दहा मिनिटं हुंगाहुंगी. मग दोदोल चेनच्या कोपऱ्यात जाऊन बसली, जिथे चेन संपते आणि कापडाची शिवण दुमडलेली असते तिथे, आणि करकर करकर. चोविसाव्या मिनिटाला नाक बाहेर, सव्विसाव्याला अख्खी दोदोल बाहेर, माझ्याकडे बघत मिशा साफ करतेय. उसगाव ते फोंडा पावसाळ्यात ट्रॅफिक असला तर तेवढ्यात मी निम्म्यात पण पोचत नाही. मांजरासाठी ठीक असेल ही बॅग. उंदराला शून्य. परत पण घेतली नाही त्यांनी, म्हणे वापरलेली आहे, भोक दिसतंय. दिसणारच.

इथे एक गोष्ट शिकले ती सांगते कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात आणि ते कुरतडतातच, पण सपाट गुळगुळीत भिंतीला दात लागत नाही. त्यांना कड लागते. शिवण, भोकाची कड, फटीची कड, टोक. म्हणजे कॅरियर बघताना प्लास्टिक जाड आहे का हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न आतून बोट फिरवल्यावर कडा कुठे कुठे लागतात. दुकानात मी आता तसंच करते, दुकानदार विचित्र बघतात.

तीन नंबर पक्ष्यांचा पिंजरा, लव्हबर्डचा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून. हवा भरपूर, दात लागायचा प्रश्न नाही, स्वस्त. पण गजांमधलं अंतर बोटाने मोजून घ्या, माझ्या तिघी मोठ्या आहेत म्हणून राहिल्या, पिल्लू असतं तर डोकं गेलं की उंदीर गेलाच. दार वर सरकवायचं असतं ते खाजेने पहिल्याच दिवशी उचललं, तिथे क्लिप लावावी लागली. खाली तळाला पण तारच, त्यावर बसून बसून पाय दुखतात त्यांचे, पुठ्ठा घातला तर तो भिजतो. आणि पावसात चारी बाजूंनी उघडा. वरून प्लास्टिक टाकलं तर परत तीच वाफ. गाडीत ठेवायला ओबडधोबड, वर गोल घुमट त्यामुळे वर काही ठेवता येत नाही. वाईट नाही, पण आता बागेत लटकतोय, त्यात मनीप्लांट आहे.

चौथा, जो ठेवला. साधा हार्ड प्लास्टिकचा मांजराचा कॅरियर, दीड फुटाच्या आसपास लांब, पुढे लोखंडी गजांचं दार, वर हॅंडल. चौदाशेला. जसा मिळतो तसा उंदराला उपयोगाचा नाही हे लक्षात घ्या, दाराच्या गजांतून खाजे सरळ चालत बाहेर आली, थांबली पण नाही. पण याचं तसं नाही की फेकून द्या, याला सुधारता येतं. फोंड्याला हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची वेल्डमेश जाळी घेतली, फुटावर मिळते (लहान पिल्लं असतील तर पाव इंची घ्या). दाराला आणि बाजूच्या हवेच्या फटींना ती जाळी आतून लावायची. आतून, कारण त्या फटीच म्हणजे त्या कडा. बाहेरून लावली तर उंदीर बाहेर येणार नाही पण प्लास्टिक खात बसेल आणि भोक मोठं करेल. जाळीची कापलेली टोकं बाहेरच्या दिशेला दुमडायची, पक्कड लागते, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

बांधायला मी आधी झिप टाय वापरले, मस्त दिसत होते, एका रात्रीत दोन खाल्ले. मग गवंड्यांची बाइंडिंग तार आणली, सळ्या बांधायची, ती वापरली आणि गाठी बाहेरच्या बाजूला. तेव्हापासून हललेली नाही. अजून एक, वरचा आणि खालचा भाग जोडायला काही कॅरियरना प्लास्टिकच्या क्लिपा असतात, काहींना नटबोल्ट. नटबोल्टवाला घ्या. माझा क्लिपवाला आहे आणि हीच त्याची कमजोरी, म्हणून पाचातला एक मार्क कापला. कॅरियर, तीन उंदीर, सामान मिळून साडेतीन-चार किलो होतं, आणि पहिल्या डब्यानंतर माझा कुठल्याच क्लिपेवर विश्वास उरलेला नाही, मी वरून जुन्या सुटकेसचा पट्टा आवळते.

आतमध्ये काय, तर पोलर ब्लॅंकेटचे तुकडे. सॉ मिलचा भुसा घालू नका, धुळीने छातीला त्रास. पाण्याची बाटली गाडीत लावू नका, हादऱ्याने सगळी गळून खालचं अंथरूण ओलं होतं, वाटेत तवशाचे (काकडीचे) तुकडे द्यायचे, पोचल्यावर बाटली. खायला त्यांचं नेहमीचं आठवडाभराचं पिशवीत भरून कॅरियरला बांधूनच ठेवलंय, पण खरं सांगायचं तर मामाकडे पहिल्या रात्री त्यांनी उकड्या तांदळाची पेज खाल्ली आणि खूष होत्या. एका कोपऱ्यात थंड पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, ही गोष्ट मे महिन्यासाठी, तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे लाइट नाही, पंखा नाही, तेव्हा असती तर बरं झालं असतं. एकाच कोपऱ्यात ठेवा म्हणजे नको असेल तर लांब बसता येतं.

नर-मादी असतील तर कॅरियर दोन घ्या, "एका रात्रीचा प्रश्न आहे" म्हणू नका, एका रात्रीत होतं आणि 21 ते 23 दिवसांत पिल्लं येतात, आठ-दहा सहज. उलट एकत्र राहणाऱ्या माद्यांना मात्र वेगळं करू नका, घाबरलेल्या असताना एकमेकींच्या अंगावर चढून झोपतात तेव्हाच शांत होतात.

आणि कॅरियर जमिनीवर नको. पुराच्या पाण्यात बाहेरच्या उंदरांचं मूत असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, माणसांना होतो तसा आपल्या पाळलेल्यांना पण होऊ शकतो. खुर्चीवर, टेबलावर, कुठेही, पण वर. कॅरियरचा तळ ओला झाला असेल तर ग्लोव्ह्ज घालून धुवून पुसून मगच घरात. मामीची उंदीर म्हणजे लेप्टो ही भीती चुकीची नव्हती, फक्त उंदीर चुकीचे होते.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला पैसे पडत नाहीत. कॅरियर माळ्यावर ठेवू नका. माझा मोठ्या पिंजऱ्याच्या शेजारी दार उघडं ठेवून असतो, संध्याकाळी सोडते तेव्हा तिघी त्यातच जाऊन झोपतात, शेंगदाणे पण तिथेच मिळतात. मागच्या जूनमध्ये सराव म्हणून घड्याळ लावून बघितलं, शेंगदाण्याचा डबा वाजवला, तिघी आत, दार बंद, पट्टा आवळला, दोन मिनिटं दहा सेकंद. 2021 ला नुसतं पकडण्यात पंधरा मिनिटं गेली होती, एक कपाटामागे.

न्हाणीतल्या टायमर टेस्टमध्ये हा कॅरियर अख्खी रात्र टिकला. सकाळी बघितलं तर जाळीच्या तारेवर थोडे ओरखडे, बाकी काही नाही, तिघी ब्लॅंकेटमध्ये. म्हणजे कॅरियरचे चौदाशे, आणि वर जाळी-तार मिळून दोनशेच्या आत. पाचपैकी चार.

मामीला फोटो पाठवला होता. तिचा रिप्लाय, "बरं आहे. आता पाऊस वाढला की वाट बघू नको, आदल्या रात्रीच ये. पण न्हाणीत नाही हां, तिथे आता वॉशिंग मशीन आहे."