कर्जावर घेतलेलं लेबल यंत्र आणि तारखेचा प्रिंटर : वापरानंतरचा अनुभव

हातात धरून तारीख छापायचा प्रिंटर आणि बाटलीवर लेबल गुंडाळणारं अर्धस्वयंचलित यंत्र, ही दोन्ही आमच्या बचत गटाने कर्ज काढून घेतली. उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीची गर्दी पार पडल्यावर हे लिहिते आहे. यंत्रांची माहिती पुष्कळ ठिकाणी मिळते. पण कर्जासकट यंत्र वापरताना महिन्याचा हिशेब कसा बसतो, हे आम्हाला घेण्याआधी कुठे वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून पैशाची बाजू जास्त लिहिते.

आमचा गट वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वायगाव हळदीचाच हा भाग. हळद, तिखट, जवसाची चटणी, लिंबाचं लोणचं आणि उन्हाळ्यात अंबाडीचं सरबत असा आमचा माल. आधी तारखेला रबरी शिक्का होता. कागदी लेबलवर तो बरा उठायचा, पण प्लास्टिकच्या पाकिटावर बोट फिरवलं की जायचा. आठवडी बाजारात कोणी विचारत नाही. नागपूरचा दुकानदार मात्र माल उतरवण्याआधी पाकीट उलटं करून बॅच नंबर, बनवल्याची तारीख, वापरण्याची मुदत, एमआरपी सगळं बघतो. एकाने तर आमच्यासमोर तारखेवर अंगठा घासला आणि म्हणाला, "ताई, हे पुसून जाते न. उद्या तपासणीवाला आला तर मी काय दाखवू?" त्याचं खरं होतं. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे चुकीच्या किंवा अपुऱ्या लेबलच्या मालाला ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि विकणाराही त्यात सापडतो.

कर्ज प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून मिळालं. ही योजना २०२० सालची. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आणि स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. नुसत्या लेबल आणि प्रिंटरसाठी बँक तयार होईना. साहेबांचं म्हणणं, शिक्क्याच्या कामाला कर्ज कशाला. या योजनेत अर्जाला मदत करणारा माणूस असतो, त्याला जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणतात. त्याने मग मसाला दळायचा पल्व्हरायझर, पाकिटाचं तोंड बंद करायचा बँड सीलर, लेबल यंत्र आणि प्रिंटर असा एकच प्रस्ताव करून दिला. दळण, पॅकिंग, छपाई हे एकाच साखळीचं काम आहे हे कागदावर दिसलं आणि मंजुरी मिळाली. या माणसाचं मानधन सरकार देतं, आपण त्याला काही द्यायचं नसतं. कोणी फाइलमागे पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

प्रकल्प ४ लाखांचा. आमचे ४० हजार, बँकेचे ३ लाख ६० हजार. अनुदान १ लाख ४० हजार. आता हे नीट वाचा, कारण गावोगावी याचाच गैरसमज आहे. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत कर्जाच्या जोडीच्या खात्यात पडून राहतं. ३ वर्षं हप्ते नियमित गेले, खातं थकलं नाही आणि उद्योग चालू असला, की मग ते कर्जात वळतं होतं. तोपर्यंत हप्ता पूर्ण कर्जाचा. आम्हाला ५ वर्षांच्या मुदतीला महिन्याला पावणेआठ हजारांच्या वर जातात. "सरकार अर्धे पैसे देते, हप्ता हलकाच राहीन" असं आमच्यातल्याच दोघींनी धरलं होतं. पहिल्या हप्त्याचा आकडा बघून त्या काळजीत पडल्या, तेव्हा सगळ्यांना बसवून पासबुकासकट समजावून सांगावं लागलं.

यंत्रावर १८ टक्के जीएसटी लागला. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत म्हणून आमची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे तो कर परत मिळण्याचा प्रश्नच नाही. दरपत्रक तुलना करताना करासकट किंमत धरा.

प्रिंटरबद्दल आधी समाधान सांगते. हा थर्मल इंकजेट जातीचा आहे. छपाईचं डोकं शाईच्या कार्ट्रिजमध्येच असतं, कार्ट्रिज बदललं की डोकंही नवं. खेड्यात याची किंमत फार मोठी आहे, कारण दुरुस्तीला माणूस नागपूरहून बोलवायचा म्हणजे येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेले दिवस. एक विक्रेता आम्हाला कंटिन्युअस इंकजेटचं मोठं यंत्र घ्या म्हणून मागे लागला होता. ते धावत्या पट्ट्यावर दिवसभर छापायचं यंत्र. त्याला शाईशिवाय पातळ करायचं सॉल्व्हंट वेगळं, फिल्टर वेगळे, वर्षाची सर्व्हिस वेगळी, आणि बंद ठेवलं तर कुरकुर. आठवड्यातून दोन-तीन दिवस पॅकिंग करणाऱ्या गटाने त्या वाटेला जाऊ नये. आमचा हँड प्रिंटर बॅटरीवर चालतो, लाइन गेली तरी तारखा थांबत नाहीत. लेबल यंत्र सिंगल फेजवर चालतं, त्याला मात्र लाइन लागते.

उन्हाळ्यात त्रास झाला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास, आणि प्लास्टिकवर टिकणारी सॉल्व्हंट शाई लवकर वाळते. पाकिटावर ते चांगलं, पण नोझलवर, म्हणजे शाई बाहेर पडते त्या बारीक भोकांवरही तसंच होतं. दहा मिनिटं टोपण न लावता ठेवलं की पुढच्या छपाईत पांढऱ्या रेघा. तंतू न सोडणाऱ्या कापडाने हलकं टिपायचं, घासायचं नाही. आता छपाई सकाळीच करतो, पंख्याच्या झोतापासून दूर. ही शाई पेट घेते, म्हणून चुलीच्या खोलीत तिला जागा नाही. लोणच्याच्या बाटलीला तेलाचा हात लागला असेल तर अक्षर धरत नाही, आधी कोरड्या फडक्याने पुसावं लागतं. गडद झाकणावर काळी शाई दिसत नाही, म्हणून लेबलवरच एक पांढरा चौकोन मोकळा सोडायला सांगितला.

लेबल यंत्राला सुरुवातीला सरबताच्या बाटल्यांनी दमवलं. गार बाटलीला बाहेरून दव धरतं आणि लेबलला सुरकुत्या पडतात. बाटल्या खोलीच्या तापमानाला आल्यावर लावल्या की सरळ बसतात. पारदर्शक लेबल घेऊ नका, साध्या सेन्सरला दोन लेबलांमधली फट ओळखता येत नाही. बाकी यंत्राची तक्रार नाही.

आता शाईच्या पैशाबद्दल. यंत्राचं कर्ज हे मुदत कर्ज, ते फक्त यंत्राचं. कार्ट्रिज आणि लेबलचे रोल त्यात बसत नाहीत, आणि खरी ओढाताण तिथेच होते. सॉल्व्हंटचं कार्ट्रिज काही हजारांना येतं. आमच्या चार ओळींच्या मजकुराला नगामागे १० ते १५ पैसे पडतात, हे काहीच नाही. पण ते हजारो रुपये एकदम आणि आधी मोजावे लागतात, आणि दुकानदार पैसे देतो महिना-दीड महिन्याने. लेबल छापणारा कमी नगांची ऑर्डर घेत नाही, घेतली तर दर दुप्पट सांगतो. दिवाळीच्या तोंडावर हप्ता, लेबलचा रोल आणि कार्ट्रिज एकाच आठवड्यात आले, तेव्हा गटाच्या बचतीतून उचल करावी लागली. याच योजनेत बचत गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्याला खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, ते उमेद या राज्याच्या बचत गटांच्या अभियानामार्फत येतं. यंत्राच्या अर्जासोबतच त्याचाही अर्ज करा. आमचं ते नंतर आलं, आणि आल्यापासून शाईची काळजी गेली.

लेबलच्या पैशात बचत करायची एक गोष्ट वापरता वापरता सापडली. जे बदलत नाही तेवढंच रोलवर छापून घ्यायचं: नाव, घटक, पोषणमूल्य, पत्ता, १४ आकडी परवाना क्रमांक, हिरवं चिन्ह. जे बदलतं ते सगळं प्रिंटरवर: बॅच, तारखा, एमआरपी आणि एककामागची किंमत. २०० ग्रॅम तिखट १२० रुपयांना असेल तर ०.६० रुपये प्रति ग्रॅम लिहावं लागतं, आणि मिरचीचा भाव हलला की दोन्ही आकडे बदलतात. भाव छापलेला रोल असता तर तो वाया गेला असता. आता आम्ही मोठी ऑर्डर एकदाच देतो आणि दर कमी पडतो.

पण माझ्या लेखी या खर्चाचं मोल पावसाळ्यात कळलं. वर्ध्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, लिंबाच्या लोणच्याचं झाकण फुगलंय, उघडताना फेस आला. आधीचे दिवस असते तर कोणत्या दिवशीचं लोणचं हे सांगताच आलं नसतं आणि सगळा माल परत आणावा लागला असता. आता त्यांनी बॅच नंबर वाचून दाखवला, वहीत बघितलं, त्या दिवशीच्या बाटल्या दोनच दुकानांत गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्या परत आल्या आणि बाकीचं लोणचं निश्चिंतपणे विकलं गेलं. लोकांच्या ताटात जाणाऱ्या वस्तूबद्दल एवढं तरी आपल्याला सांगता यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. वही मात्र रोज लिहावी लागते. प्रिंटर नंबर छापतो, कोणता माल कुठे गेला ते त्याला माहीत नसतं.

घेणाऱ्यांनी विक्रेत्याला पैसे देण्याआधी कार्ट्रिजचं लेखी दरपत्रक मागावं. काही प्रिंटरना चिप असते, दुसऱ्याचं कार्ट्रिज टाकलं तर ते चालतच नाही. असं यंत्र स्वस्त मिळतं आणि मग शाईला तो म्हणेल तो भाव. आमच्याच पाकिटावर छापून दाखवा असा आग्रह आम्ही धरला, ते पाकीट रात्रभर ठेवलं आणि सकाळी तेलाच्या बोटाने घासून बघितलं. दोन यंत्रं त्यात बाद झाली. मिरचीचा हंगाम सुरू होण्याआधी दोन कार्ट्रिज मागवायचे आहेत, तेव्हाही नव्या पाकिटांवर हीच तपासणी करणार आहोत, कारण पाकीटवाल्याने प्लास्टिक बदललंय.