पारापर्यंत येणारी परळची एसटी

परळ आगारातून संध्याकाळी सुटणाऱ्या आमच्या गावच्या एसटीबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं. गेल्या महिन्यात आईला सोडायला त्याच गाडीने गेले, म्हणून आता लिहितेच.

गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरूखच्याही आत. आमच्या वाडीत 32 घरं. गणपती आणि शिमगा सोडून कधीही जा, 19 घरांना कुलूप. उरलेल्या 13 घरांत मिळून 21 माणसं, त्यात साठीच्या आतली चारच. आईबरोबर ओटीवर बसून एकेका घराचं नाव घेत मोजली मी. जिल्हाभर हेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत 16,96,777 लोक होते, 2011 मध्ये 16,15,069 उरले. तेव्हा हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या. पुरुष कुठे गेले ते लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. माझे आजोबाही असेच गिरणीत आले.

रेल्वे आहे की, असं लोक म्हणतात. 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते, संगमेश्वर रोड स्टेशनही आहे. पण स्टेशनवर उतरलं म्हणजे घरी पोचलं असं नाही. अपरात्री पुढे जायला स्वतंत्र रिक्षा करावी लागते, आणि ते भाडं पेन्शन नसलेल्या म्हातारीच्या आवाक्यातलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी एसटीचं आरक्षण संपलं होतं म्हणून एका खासगी ट्रॅव्हल्सने गेलो. गावापर्यंत सोडतो म्हणून पैसे घेतले आणि पहाटे साडेतीनला हायवेवर फाट्याशी उतरवलं. पाऊस धो धो, मोबाईलला रेंज नाही. एका बंद टपरीच्या पत्र्याखाली आम्ही दोघी उजाडेपर्यंत उभ्या होतो. आई काही बोलली नाही, नुसती माझा हात धरून होती.

एसटी पारापर्यंत येते. शेवटचा रस्ता इतका अरुंद की दोन वळणांवर गाडी मागे घेऊन मग वळवावी लागते. ड्रायव्हर ते अंधारात करतो. कंडक्टरला कोण कुठे उतरणार ते पाठ. पाराशी गाडी थांबवून त्याने "आजी, सावकाश" म्हणत आईची पिशवी स्वतः खाली ठेवली.

आईला पंचाहत्तरीपुढची म्हणून 2022 पासून प्रवास मोफत, आणि 2023 पासून मला अर्धं तिकीट. आई ते शून्य रुपयांचं तिकीट पदराच्या गाठीला बांधून ठेवते. पूर्वी गावाला जायचं तर ती आमच्या सुट्टीची आणि पैशांची वाट बघायची. आता आधार कार्ड घेते आणि "येते गं" म्हणून निघते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या गाडीला पाचपैकी पाच देते.

गाडी बसून जायची आहे, झोपून जायची नव्हे. मानेला उशी घ्या. मागच्या चाकावरची सीट शक्यतो टाळा, घाटात पोटात ढवळतं. जेवण घरून न्या. आम्ही भाकरी आणि सुकटीची चटणी नेतो. पावसाळ्यात पोचायला दोन तास जास्त धरून चाला. गणपतीला मात्र सुटं आरक्षण शोधत बसू नका. वाडीच्या मंडळाने मिळून गट आरक्षण केलं की गाडी चाळीच्या तोंडाशी येते, सामानाची ओढाताण वाचते. येताना डिकीत फणस आणि कुळथाच्या पिशव्या खुशाल ठेवा.

या खेपेला चिपळूणपर्यंत गाडी भरलेली होती. शेवटच्या थांब्याला आम्ही पाचजण उतरलो: आई, मी, दवाखान्यातून परतलेलं एक जोडपं आणि बारावीतला एक मुलगा. गावच्या चाकरमान्यांनो, आडमहिन्यात गावाला जाताना स्वतःची गाडी काढण्याआधी एकदा या एसटीचं आरक्षण बघा. ती बंद झाली तर त्या पाचांना दुसरी गाडी नाही.